ताईच्या निरोपाचे तीन रोल

रविवार, ३ मार्च. दुपारी

कालचा कार्यक्रम झकास झाला. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून राबून ताई रिटायर झाली. हॉलमध्ये साठ-एक माणसं होती. फोटो फक्त मी काढले. फिल्मच्या कॅमेऱ्यावर, ब्लॅक अँड व्हाइट. तीन रोल. एकशे आठ फोटो.

मोबाइलवाल्यांची लुडबुड नको म्हणून दाराशीच सगळ्यांचे मोबाइल गोळा करून कपाटात बंद केले होते आणि किल्ली खिशात ठेवली होती. थोडी कुरकुर झाली. ताईच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने तर, पेशंटचा फोन आला तर काय, असं विचारलं. मी म्हटलं, फोटो म्हणजे फोटो. तिने मोबाइल काढून दिला.

धाकटा न सांगता आला. धाकटा म्हणजे आमचा सगळ्यात लहान भाऊ. सहा वर्षं ताईशी एक शब्द बोलला नव्हता. बाबांच्या शेवटच्या दिवसांत ताईने त्यांना घरीच ठेवायचं ठरवलं होतं. हा परदेशात. तिकडून फोनवर, हॉस्पिटलात हलवा, हलवा, म्हणून ओरडत होता. बाबा गेले ते घरीच गेले. तेव्हापासून अबोला. काल तो सरळ ताईसमोर येऊन उभा राहिला. दुपारी दोघं हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसली होती. रात्रीच्या विमानाने तो परतही गेला.

ताईचा सकाळी फोन. बाकी फोटो केव्हाही दे, पण धाकट्याबरोबरचा एक तरी लवकर दे, म्हणाली.

सांगितलं, आठवड्यात देतो. स्वतः धुऊन देतो.

सोमवार, ४ मार्च

रोल घरी धुण्याचा निर्णय पक्का. इंटरनेटवर एकूण बारा व्हिडिओ पाहिले. बाराही माणसं माझ्यापेक्षा बावळट दिसत होती आणि सगळ्यांना जमलं होतं.

ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांकडून सामान आणलं. झाकणाची काळी टाकी, तिच्या आत बसणारं प्लास्टिकचं रीळ, डेव्हलपर, फिक्सर. प्रकरण सोपं आहे. अंधारात फिल्म रिळावर गुंडाळायची, रीळ टाकीत टाकायचं, झाकण लावायचं. मग उजेडातच आधी डेव्हलपर, नंतर फिक्सर, शेवटी पाणी. पोरखेळ.

काका म्हणाले, हात बसायला वेळ लागतो, रोल माझ्याकडे टाका, परवा घेऊन जा. चाळीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांना ते अवघड वाटतं. सवयीचा परिणाम. हसून विषय टाळला.

बुधवार, ६ मार्च

बाथरूमची डार्करूम केली. झरोक्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चिकटपट्टी, दाराच्या फटीत घोंगडी. दिवा घालवून पाच मिनिटं आत बसलो. पाच मिनिटांनी स्वतःचा हात दिसता कामा नये, असा नियम आहे. मला दिसला. पण आपला हात कुठे आहे हे आपल्याला माहीतच असतं, त्यामुळे तो दिसल्यासारखा वाटतो. तरी एक चिकटपट्टी जास्त लावली.

हिने बाहेरून विचारलं, आत काय चाललंय. म्हटलं, अंधार बघतोय. यावर ती काही बोलली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की समजूत वाढते.

शनिवार, ९ मार्च. सकाळी १०

आज रोल नंबर एक. सकाळची पाहुणेमंडळी आणि स्वागत.

ताईला कळवून टाकलं, संध्याकाळपर्यंत निगेटिव्ह तयार.

शनिवार, ९ मार्च. दुपारी १.३०

रोलची डबी बाटलीच्या ओपनरने उघडायची असते. अंधारात ओपनर सापडला, डबी सापडेना. डबी सापडली तेव्हा ओपनर बादलीत पडला. मग फिल्म रिळात शिरेना. शिरली तर पुढे सरकेना. सरकली तर तिरकी सरकली. उपड्या बादलीवर पन्नास मिनिटं बसून होतो. उजव्या पायाला मुंग्या आल्या. बाहेर लेक दर पाच मिनिटांनी दार वाजवत होती. तिला क्लासला जायचं होतं म्हणे. शेजारच्यांकडे जाऊन अंघोळ कर, असं मी आतून सुचवलं. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

पण बसली! पूर्ण फिल्म रिळावर बसली, झाकण लागलं. अवघड भाग संपला.

औषधं वीस डिग्रीला आणायची असतात. घरात तापाचाच थर्मामीटर होता, तो पस्तिसापासून सुरू होतो. त्याने काहीच दाखवलं नाही. याचा अर्थ पस्तिसाच्या खाली आहे, म्हणजे बरोबर दिशेने आहे. दोन्ही बाटल्या बर्फाच्या पाण्यात उभ्या केल्या.

शनिवार, ९ मार्च. दुपारी ४

बर्फाच्या पाण्यात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सुटल्या. बादलीत 'डेव्हलपर' आणि 'फिक्सर' असे दोन कागद शेजारी शेजारी तरंगत होते. बाटल्या दोन्ही तपकिरी, दोन्ही एका मापाच्या.

गडबडून गेलो नाही. नाकाचा उपयोग केला. एका बाटलीला आंबट वास, दुसरीला जवळजवळ नाही. आंबट म्हणजे तेज. तेज औषध पहिलं, हे उघड आहे. नऊ मिनिटं टाकी हलवली. मध्ये ताईचा फोन आला. झाले का, विचारत होती. होताहेत, म्हणालो, तोंडाने मिनिटं मोजत.

झाकण उघडलं. फिल्म काचेसारखी स्वच्छ. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक डाग नाही. एक माणूसही नाही.

रविवार, १० मार्च

फिल्म काकांना दाखवली. उजेडाकडेही न धरता म्हणाले, फिक्सर आधी घातलंत. आंबट वास फिक्सरचाच असतो.

मी म्हटलं, रोलच सदोष असेल. काका म्हणाले, असेलही. ते ज्या सुरात म्हणाले तो मला आवडला नाही.

झाल्या गोष्टीचा शांतपणे विचार केला. पहिल्या रोलमध्ये होतं काय? लोक दारातून आत येताना. लोक आत आले हे सगळ्यांना माहीत आहेच. त्याचा पुरावा कशाला हवा? महत्त्वाचं सगळं दोन आणि तीनमध्ये आहे. एका दृष्टीने बरंच झालं, हात बसला.

ताईला सांगितलं, तांत्रिक कारणाने थोडा उशीर. तिने विचारलं, धाकट्याचा आहे ना? म्हटलं, तो तिसऱ्या रोलमध्ये, सुखरूप आहे. धाकट्याचाही तिकडून मेसेज आला होता म्हणे. पायऱ्यांवरचा फोटो निघाला का? सहा वर्षांत त्याने तिला केलेला पहिला मेसेज. त्यात माझ्या कामाविषयी विचारणा. जबाबदारी वाटली.

संकल्प: १) चिठ्ठ्या नाहीत, बाटल्यांवर रंगाने लिहायचं. २) घाई नाही. ३) कामाच्या वेळी ताईचा फोन घ्यायचा नाही.

मंगळवार, १२ मार्च

रंगाने लिहिलं. एकीवर डे, दुसरीवर फि. ऑफिसात दिवसभर बोटांना लाल रंग. साहेबांनी विचारलं, काही लागलंय का. म्हटलं, केमिस्ट्री. पुढे विचारलं नाही.

शनिवार, १६ मार्च. सकाळी ९.३०

रोल नंबर दोन. भाषणं आणि जेवण. आज कुठे चूक होण्याला जागाच ठेवलेली नाही. थर्मामीटरसुद्धा नवा आणला, शून्यापासूनचा. स्वच्छता म्हणून रीळ आत्ताच साबणाने खळखळून धुऊन घेतलं.

शनिवार, १६ मार्च. दुपारी ३

ओलं रीळ कोरडं करायचं राहिलं. ओल्या रिळाला फिल्म अशी चिकटते की पुढेही जात नाही, मागेही येत नाही. वीस मिनिटं झटापट. घाम गळून फिल्मवर पडत होता. हताश झालो होतो, इतक्यात अंधारात वर एक लाल दिवा उजळला. मंद, सुंदर. अगदी खऱ्या डार्करूमसारखा. त्या उजेडात सगळं दिसायला लागलं आणि फिल्म दहा मिनिटांत कशीबशी बसवली.

बाहेर आल्यावर कळलं की लेकीने अंघोळीसाठी बाहेरून गिझर लावला होता. तिला धन्यवाद दिले. ती गोंधळली.

पुढचं सगळं अचूक. डे आधी, फि नंतर. एकवीस डिग्री. ताईचे तीन फोन आले, एकही घेतला नाही.

शनिवार, १६ मार्च. संध्याकाळी ६

चित्रं आली! फिल्म बाल्कनीत दोरीवर चिमट्याने वाळत घातली, मोज्यांच्या शेजारी. लवकर वाळावी म्हणून टॉवेलने जरा पुसून घेतली.

बऱ्याच भागावर दाट काळोखी आहे आणि मध्ये मध्ये दुधाळ चट्टे. पण सहा-सात ठिकाणी माणसं ओळखता येतात. एका फोटोत ताईच्या शेजारी काळ्याभोर केसांची एक बाई बसली आहे. कोण ते आठवेना. इतकी तरुण बाई आमच्याकडे नाही. सिस्टरांपैकी असावी, पण हात ताईच्या खांद्यावर इतक्या हक्काने टाकलाय. दुसऱ्या फोटोत धाकटा जेवतोय, डोकं पांढरंशुभ्र. गलबलून आलं. सहा वर्षांत किती म्हातारा झाला! म्हणूनच भांडण मिटवायला आला असणार. हिला बोलावून दाखवलं, म्हटलं, बघ, काळजीने माणसाचं काय होतं.

लेक म्हणाली, बाबा, ही निगेटिव्ह आहे. यात काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं. ती काळ्या केसांची बाई म्हणजे आजी आहे.

मला माहीत होतं. बघत होतो तिच्या लक्षात येतं का.

रविवार, १७ मार्च

काकांनी दुसरी फिल्म बरीच उलटसुलट केली. चट्टे म्हणजे फिल्मला फिल्म चिकटली, तिथे औषध पोचलंच नाही. काळोखी म्हणजे उजेड लागला. लाल दिव्याचं सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. लाल दिवा फोटोच्या कागदाला चालतो, फिल्मला नाही. आणि उभ्या रेघा कसल्या, त्यांनी विचारलं. टॉवेलचं मी बोललो नाही.

यातून फोटो करता येतील का? काका म्हणाले, करता येतील, पण कुणाला दाखवता येणार नाहीत.

म्हणाले, तिसरा माझ्याकडे द्या. मी म्हटलं, विचार करतो. विचार केला. दोनदा जे चुकलं ते आता तिसऱ्यांदा चुकूच शकत नाही. चुका संपत आल्यात. काकांना दिला तर दोन रोलांचा अनुभव वाया जाईल.

घरी ही म्हणाली, तो तिसरा काकांना देऊन टाका ना. ताईंचा जीव अडकलाय त्यात. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? ही म्हणाली, तुमच्यावर आहे.

'तुमच्यावर' या शब्दावर जरा जोर दिल्यासारखा वाटला. पण भास असेल.

गुरुवार, २१ मार्च

ताई संध्याकाळी घरी येऊन गेली. मी ऑफिसातून आलो तर निघतच होती. हिच्याशी हळू आवाजात काही बोलणं चाललं होतं, मला बघून थांबल्या. ताईने फोटोंचं एका शब्दाने विचारलं नाही. फोन करणंही दोन दिवस बंद आहे. आशा सोडली बहुतेक. वाईट वाटलं. शनिवारी तिला चकित करायचं.

शनिवार, २३ मार्च. सकाळी ८

रोल नंबर तीन. गिझरची वायर काढून ठेवली. रीळ दोन दिवस वाळवलं, वर हिच्या हेअर ड्रायरने वाळवलं. लेकीला मैत्रिणीकडे पाठवलं. टॉवेल कपाटात.

ड्रॉवरमधून रोल काढला. डबीवर पेनाने ३ लिहिलेला. आकडा फारच सुबक आलाय. माझं अक्षर सुधारतंय.

शनिवार, २३ मार्च. सकाळी ११

सहा मिनिटांत फिल्म बसली! सहा! पाण्यासारखी सरकली. वीस डिग्री, अर्धासुद्धा इकडेतिकडे नाही. नऊ मिनिटं डेव्हलपर, घड्याळ समोर. पाच मिनिटं फिक्सर. अर्धा तास वाहतं पाणी. एक थेंब सांडला नाही.

आता झाकण उघडतो.

शनिवार, २३ मार्च. दुपारी १२.१५

काही नाही.

कडेला फिल्मचे बारीक आकडे स्वच्छ, ठळक आलेत. एक, दोन, तीन, छत्तीसपर्यंत. मध्ये काही नाही. पायऱ्या नाहीत, ताई नाही, धाकटा नाही.

खिडकीत धरून बघितली, दिव्यासमोर धरून बघितली. उलटी करून बघितली.

शनिवार, २३ मार्च. दुपारी २

जेवलो नाही. कुणाला दोष द्यावा याचा तासभर विचार केला. रोल, कॅमेरा, पाणी, गिझर, काका. एकही नीट बसेना. साठ माणसांचे मोबाइल मी कपाटात कोंडले. साठांतल्या एकाने जरी चोरून एक फोटो काढला असता. मी किल्ली खिशात घालून फिरत होतो.

ती दोघं परत एका पायरीवर कधी बसणार? तो वर्षातून एकदाही येत नाही.

ताईला फोन करायला हवा. नंतर करतो.

नंतर नाही. आत्ता.

शनिवार, २३ मार्च. दुपारी ३.३०

केला. बसून नाही, उभ्याने केला. सांगितलं, ताई, माझ्या हातून गेला. तिन्ही रोल गेले. तुझा धाकट्याबरोबरचा फोटो आता नाही. काका द्या म्हणत होते, मी दिला नाही.

मग ताई म्हणाली, अरे, फोटो तर माझ्या कपाटावर आहे. परवा वहिनीनेच दिला. तुला ठाऊक नाही?

खाली बसलो.

शनिवार, २३ मार्च. संध्याकाळी

ही स्वयंपाकघरात होती. विचारलं. न वळता सांगितलं. रविवारीच ती माझा तिसरा रोल काकांना देऊन आली. बदल्यात काकांनी एक न वापरलेला रोल दिला, मुदत संपलेला. त्यावर तिने ३ लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला.

मी रागावलो. म्हटलं, मला सांगता आलं नसतं? ती म्हणाली, सांगितलं असतं तर दिला असतात का?



मग म्हणाली, दुपारी तुमचा चेहरा बघवेना, सांगणारच होते, तेवढ्यात तुम्ही ताईंना फोन लावलात. म्हणून थांबले. का थांबलीस, विचारलं. म्हणाली, ऐकायचं होतं.

ताट वाढून दिलं तिने. दोन वेळचं एकदम जेवलो.

रविवार, २४ मार्च. सकाळी

काकांकडे जाऊन मी धुतलेली कोरी फिल्म दाखवली. तक्रार म्हणून नव्हे, मत घ्यायला. काकांनी भिंग लावून कडेचे आकडे बघितले. म्हणाले, उत्तम धुतलीय. अगदी माझ्यासारखी.

हे वाक्य लिहून ठेवतो.

माझ्या खऱ्या तिसऱ्या रोलचे फोटोही त्यांनी दाखवले. एकवीस फोटोंत मागची भिंत अतिशय स्पष्ट आली आहे. माणसं धूसर. बाकीच्यांत डोकी कापली गेलीत. पण रोल सुंदर धुतला गेलाय यात शंका नाही. पायऱ्यांवरचा एकच नीट आहे, तो ताईकडे. तो मात्र माझ्या हातून अप्रतिम आलाय, असं काकांना म्हटलं. काका फोटोंची पाकिटं लावत राहिले.

कॅमेरा घेऊन दुपारी ताईकडे जातोय. तिला आणि तिच्याकडे राहणाऱ्या आईला त्या एका फोटोमागचं तंत्र समजावून सांगायला हवं.

रविवार, २४ मार्च. संध्याकाळी

फोटो कपाटावर, फ्रेममध्ये. वरच्या पायरीवर ताई, खालच्या पायरीवर धाकटा. तो मान मागे टाकून हसतोय, ताईने त्याचा कान धरलाय, लहानपणी धरायची तसा. तिचेही डोळे मिटलेत हसून. असा फोटो आमच्या घरात दुसरा नाही. बघतच उभा राहिलो.

मग म्हटलं, बघ ताई, असा क्षण पकडायला किती वेळ दबा धरून बसावं लागतं.

ताई म्हणाली, तू कुठे होतास? रोल संपत आला म्हणून तू नवा शोधायला आत गेला होतास. जाताना कॅमेरा आईच्या हातात देऊन गेलास, नीट धर म्हणून.

आई आतल्या खोलीतून म्हणाली, ते गोल बटण होतं ते दाबलं. दोघं छान दिसत होती.

आई ऐंशी वर्षांची. चष्मा लावलेला नव्हता, हेही तिने सांगितलं.

तेवढ्यात धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. ताईने फ्रेम उचलून मोबाइलसमोर धरली. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, दादाने काढला? ताई म्हणाली, नाही रे, आईने. तो म्हणाला, तरीच.

दोघं पाऊण तास बोलत होती. मी पाणी प्यायलो, भिंती बघितल्या. भिंतींचा मला अंदाज चांगला आहे.

निघताना कॅमेरा उचलला, तर आईने विचारलं, यात रोल आहे का? म्हटलं, नवा घातलाय. म्हणाली, मग राहू दे इकडेच. संपला की सूनबाईला सांगेन, ती काकांना नेऊन देईल.

कॅमेरा आईकडे. माझ्याकडे दोन बाटल्या.